माणूस की यंत्र? संगणकीय निवाडा मागविण्याची रीत

पवई तलावाच्या काठी १९५८ साली उभ्या राहिलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे नाव देशातील संगणक-दळणवळणाच्या आरंभाशी जोडलेले आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन जाळे उभारण्यास घेतले. त्यातील पहिल्या आठ सहभागी घटकांत पवईची ही संस्था होती आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रही होते. १९८६-८७ च्या सुमारास जुहू आणि पवई येथील संगणक साध्या दूरध्वनीच्या तारेवरून एकमेकांस संदेश पाठवू लागले. त्या काळी पलीकडे कोण आहे, हा प्रश्नच उद्भवत नसे. ओळखीचे यंत्र ओळखीच्या यंत्राला ठरलेल्या वेळी दूरध्वनी करी, निरोप देई आणि संपर्क तोडी.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. शासकीय संकेतस्थळाच्या दारात येणाऱ्यांपैकी कोण नागरिक आणि कोण स्वयंचलित आज्ञावली, हे दाराला दिसत नाही. अशा आज्ञावलीस ‘बॉट’ म्हणतात. माणूस पडद्यावर वाचतो, विचार करतो, बोटाने अक्षरे उमटवितो. बॉट हीच कामे माणसाच्या उपस्थितीविना, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो. एखादी सेवा अपुरी आणि मागणारे अनेक, अशी स्थिती आली की हा वेगातील फरक तांत्रिक राहत नाही. तो वाटपाचा प्रश्न होतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न १ मे २०२१ नंतरच्या आठवड्यांत अनुभवला. अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटासाठी करोना प्रतिबंधक लसीकरण त्या दिवशी सुरू झाले आणि या गटास ‘कोविन’ या संकेतस्थळावर आगाऊ वेळ निश्चित करणे बंधनकारक होते. लशींचा पुरवठा अत्यंत तोकडा होता. दिनांक १२ मे रोजी राज्यास या गटाचे लसीकरण तात्पुरते थांबवावे लागले, यावरून टंचाईची कल्पना येईल. त्या दिवसांत पालघर, ठाणे, रायगड यांसारख्या जिल्ह्यांच्या ग्रामीण केंद्रांवर मुंबई-पुण्याची मंडळी मोटारींतून येऊन लस घेऊन जात असल्याचे आणि गावचे लोक दाराशी पाहत उभे राहत असल्याचे दृश्य ठिकठिकाणी दिसले. नियमभंग कोणीच केला नव्हता. कोणत्याही भारतीयास कोणत्याही केंद्राची वेळ घेता येत होती. ज्याच्या हाती वेगवान जाळे आणि वेळेवर मिळणारी सूचना, त्याला वेळ मिळे. ज्याच्या गावी मोबाइलला संदेशही धड येत नसे, तो मागे पडे.

या सूचना येत कोठून? येथे ‘एपीआय’ या शब्दाची ओळख करून घ्यावी लागते. संकेतस्थळाला दोन दारे असतात, असे समजावे. पुढचे दार माणसासाठी. तेथे रंग, चित्रे, बटणे असतात. मागचे दार दुसऱ्या संगणकासाठी. तेथे ठरलेल्या नमुन्यात प्रश्न टाकावयाचा आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यावयाचे. हे मागचे दार म्हणजे एपीआय. कोविनने असे दार जाणीवपूर्वक उघडे ठेवले होते आणि त्यामागील हेतू चांगला होता. ४०००७६ हा पवईचा पिनकोड आणि दिवस-महिना-वर्ष अशी तारीख त्या दाराशी दिली की परिसरातील केंद्राचे नाव, पत्ता, लशीचे नाव, किमान वय आणि शिल्लक जागा इतकी माहिती परत येई. जिल्ह्यानुसार विचारावयाचे असल्यास जिल्ह्याचा क्रमांक द्यावा लागे. मुंबईचा ३९५, पुण्याचा ३६३. हौशी तरुणांनी या दाराशी सतत विचारणा करणाऱ्या आज्ञावली लिहिल्या आणि जागा दिसताच हजारो लोकांना मोबाइलवर वर्दी देण्यास आरंभ केला. त्यांपैकी बहुतेक केवळ खबर देत. काही मात्र पुढे जाऊन जागा परस्पर नोंदविण्याचाही प्रयत्न करीत. दोहोंची गणना ‘बॉट’ या एकाच नावाखाली झाली, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

व्यवस्थापनाने मग बंधने घातली. एका संगणक-पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० पेक्षा अधिक प्रश्न विचारता येणार नाहीत, असा नियम होता. हिशेब केल्यास हे प्रमाण दर तीन सेकंदांस एक प्रश्न असे पडते. माणसाला ते पुष्कळ झाले, यंत्राला किरकोळ. उघड्या दारातून मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल, असेही जाहीर करण्यात आले; म्हणजे खबर देणाऱ्या चांगल्या आज्ञावलीही निरुपयोगी होत गेल्या. वेळ नोंदविताना चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट आली. परंतु ते चित्र छायाचित्रासारखे नसून रेषांच्या वर्णनाने बनलेले असल्याने आज्ञावलींना ते वाचणे अवघड गेले नाही. अवघड गेले ते अंध नागरिकांना आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर डोळे ताणणाऱ्या वडीलधाऱ्यांना.

अक्षरे ओळखण्याच्या या परीक्षेस ‘कॅप्चा’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास रूढ केले. तिच्या मुळाशी ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली मांडलेली कल्पना आहे. संभाषणावरून पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे ओळखता येईल काय, असा त्याचा प्रश्न होता. फरक इतकाच की ट्युरिंगच्या परीक्षेत परीक्षक माणूस होता. येथे परीक्षक यंत्र आणि परीक्षार्थी माणूस आहे. यंत्रे चित्रे वाचण्यात माणसाइतकीच तरबेज झाल्यावर ही परीक्षा दुबळी ठरली, आणि मग पडद्याआड निरीक्षण करून निवाडा देणाऱ्या पद्धती पुढे आल्या.

निवाडा कसा तयार होतो

या नव्या पद्धतीत नागरिकास काही विचारले जात नाही. पान उघडताच एक लहानशी आज्ञावली त्याच्या मोबाइलमध्ये वा संगणकात चालू होते. बोट किंवा माऊस कसा फिरतो, अक्षरे किती अंतराने उमटतात, ब्राउझर स्वतःविषयी जे सांगतो ते परस्परांशी जुळते काय, त्याच पत्त्यावरून यापूर्वी किती विचारणा आल्या, अशा बाबींचा ती अदमास घेते. तो निरीक्षण करणाऱ्या सेवेकडे जातो आणि तेथे निकाल तयार होतो. गूगलच्या ‘रीकॅप्चा’ची २०१८ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिचा निकाल ‘होय’ वा ‘नाही’ असा नसतो. ० ते १ यांमधील गुण असतो. १ च्या जवळ म्हणजे बहुधा माणूस, ० च्या जवळ म्हणजे बहुधा बॉट. दुसऱ्या काही सेवा निकाल तीन वर्गांत देतात : बॉट आढळला नाही, उपकारक बॉट, उपद्रवी बॉट. हा मधला वर्ग महत्त्वाचा आहे. शोधयंत्रांचे बॉट शासन निर्णय वाचून त्यांची सूची करतात म्हणूनच ग्रामसेवकास तो निर्णय शोधताच सापडतो. अशा सभ्य बॉटांसाठी कोणती पाने वाचावीत व कोणती नाहीत, हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची सूचनाफाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा प्रघात १९९४ पासून आहे. ती पाळणे सौजन्याचा भाग आहे. उपद्रवी बॉट ती वाचीतही नाही.

निकाल मागविण्याची रीत

आता मुख्य मुद्दा. निकाल तयार झाला, तो कार्यालयाच्या संगणकाने मिळवावयाचा कसा? नवशिक्याची पहिली कल्पना अशी असते की, नागरिकाच्या ब्राउझरनेच निकाल आणून द्यावा. तेथेच घात होतो. ब्राउझर ज्याच्या हाती, त्याला तेथील मजकूर बदलता येतो. बॉट स्वतःच ‘मी माणूस आहे’ असा निकाल लिहून पाठवील.

कार्यालयीन व्यवहारात हेच तत्त्व नित्य पाळले जाते. अर्जदाराने उत्पन्नाचा दाखला आणला तर जागरूक लिपिक केवळ कागदावरील शिक्का पाहून थांबत नाही. दाखल्यावरील क्रमांक घेऊन, तो देणाऱ्या कार्यालयाच्या अभिलेखाशी तो स्वतः पडताळतो. अर्जदाराच्या हातून फक्त क्रमांक येतो, खात्री मात्र कार्यालय कार्यालयाकडून करून घेते. बॉटविषयक निकालाचेही तसेच आहे. निरीक्षण करणारी सेवा ब्राउझरला निकाल देत नाही. एक दीर्घ, अर्थहीन दिसणारी अक्षरमाला देते. तिला ‘टोकन’ म्हणतात. नागरिक अर्ज सादर करतो तेव्हा ते टोकन अर्जासोबत कार्यालयाच्या सर्व्हरकडे येते. सर्व्हर मग ते टोकन आणि स्वतःची गुप्त किल्ली घेऊन सेवेच्या मागच्या दाराशी, म्हणजे एपीआयशी जातो आणि विचारतो : या टोकनाचा निकाल काय?

उत्तर नामनिर्देशित रकान्यांत येते. रीकॅप्चाच्या उत्तरात टोकन वैध आहे काय, गुण किती, नागरिक कोणती कृती करीत होता, निरीक्षण कोणत्या वेळी झाले आणि कोणत्या संकेतस्थळावर झाले, हे रकाने असतात. चूक असल्यास तिचे कारणही. पुष्कळ कार्यालयांच्या कंत्राटदारांकडून यांतील पहिले दोनच रकाने वाचण्याची चूक होण्याचा संभव असतो. इतर तीन रकाने शोभेसाठी नाहीत. संकेतस्थळाचे नाव न पडताळल्यास दुसऱ्याच एखाद्या पानावर मिळविलेले टोकन येथे चालून जाईल. कृतीचे नाव न पडताळल्यास केवळ मुखपृष्ठ पाहण्यासाठी मिळालेला चांगला गुण अनुदानाच्या अर्जासाठी वापरला जाईल. टोकनाचे आयुष्य दोन मिनिटांचे असते आणि ते एकदाच वापरता येते. दुसऱ्यांदा विचारल्यास सेवा ‘मुदत संपली अथवा पुन्हा वापरले’ असे उत्तर देते. यास्तव टोकन पान उघडताना घ्यावयाचे नसून, नागरिक ‘सादर करा’ हे बटण दाबतो त्या क्षणी घ्यावयाचे असते. सात-बाराचा गट क्रमांक शोधण्यासाठी कपाट उघडणाऱ्या शेतकऱ्यास दोन मिनिटे सहज लागतात. त्याचा अर्ज मग यंत्राचा म्हणून परत जातो आणि का परत गेला, हे कोणासही सांगता येत नाही.

गुप्त किल्ली ही कार्यालयाच्या शिक्क्यासारखी आहे. ती संकेतस्थळाच्या पानात लिहिली, तर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकास वाचता येते. ती सर्व्हरवरच, आज्ञावलीच्या मजकुरापासून वेगळी ठेवावी; कंत्राटदार बदलला की किल्लीही बदलावी. शिक्का कपाटात ठेवणारे कार्यालय किल्ली मात्र ई-मेलने पाठविते, असा विरोधाभास टाळावयास हवा.

उत्तर वेळेवर आलेच नाही तर काय करावयाचे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. एपीआयच्या उत्तरासोबत एक स्थितिक्रमांक येतो. ४०१ म्हणजे किल्ली मान्य नाही, ४०३ म्हणजे मनाई, ४२९ म्हणजे फार विचारणा झाल्या, ५०० व त्यापुढील म्हणजे सेवेचाच बिघाड. यांपैकी एकही क्रमांक ‘नागरिक बॉट आहे’ असे सांगत नाही. ते सारे व्यवस्थेचे दोष आहेत आणि त्यांचा भार अर्जदारावर टाकणे अयोग्य होय. ४२९ आल्यास तत्काळ पुनःपुन्हा विचारू नये. थोडे थांबून, प्रत्येक वेळी थांबण्याचा अवधी वाढवीत विचारावे. तरीही उत्तर न आल्यास अर्ज स्वीकारून त्यावर ‘पडताळणी प्रलंबित’ अशी खूण ठेवणे हा बहुतेक लोकसेवांच्या बाबतीत योग्य मार्ग ठरेल. आगगाडीच्या तिकिटासारख्या, क्षणात संपणाऱ्या गोष्टीत मात्र हा मार्ग चालत नाही.

रेल्वेचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की, तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत होणाऱ्या प्रवेश-प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत बॉटांचे असतात, आणि सुमारे अडीच कोटी संशयास्पद वापरखाती बंद करण्यात आली आहेत. बॉट ओळखणारी यंत्रणा बसविल्यानंतर २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत ‘प्रतीक्षा यादी’ वाचावी लागते, त्यामागील एक कारण या आकड्यांत दिसते. एकमेव कारण ते नव्हे. गाड्या थोड्या आणि प्रवासी फार, हे मूळ कारण बॉट हटविल्याने हटत नाही. रेल्वेनेही केवळ यंत्राच्या निवाड्यावर विसंबणे पसंत केले नाही. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी आणि पहिली तीस मिनिटे अधिकृत दलालांना मज्जाव, अशी प्रशासकीय बंधने जोडली.

चुकीचा निवाडा आणि नागरिक

गुण हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. एका योजनेसाठी १०,००० अर्ज आले आणि त्यांपैकी १०० बॉटांनी भरलेले आहेत. ओळखणारी सेवा चांगली आहे. १०० पैकी ९५ बॉट ती पकडते आणि खऱ्या माणसांपैकी केवळ शंभरात एकास चुकून बॉट ठरविते. खरी माणसे ९,९००. त्यांतील ९९ जणांवर बॉटचा शिक्का बसला. म्हणजे पकडलेल्या १९४ अर्जांपैकी ९९, निम्म्याहून अधिक, खऱ्या नागरिकांचे आहेत! सेवा विकणारा ‘९५ टक्के अचूक’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मात्र पकडलेल्यांत माणसे किती, हा प्रश्न त्याला विचारला गेलेला नसतो. खरेदी समितीने हाच प्रश्न प्रथम विचारावा.

हे ९९ नागरिक कोण असतात, याचाही विचार केला पाहिजे. ते समाजात सारखे विखुरलेले नसतात. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक एका दिवसात एकाच संगणकावरून पन्नास अर्ज भरतो. रकाने त्याला पाठ असतात, बोटे वेगाने चालतात आणि पन्नासही अर्ज एकाच पत्त्यावरून येतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी खेड्यातील शिक्षक शाळेतल्या सगळ्या मुलांचे बैठक क्रमांक आणि आईचे नाव एकामागोमाग घालून निकाल काढतो. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना जाळ्यावर एकच सामाईक पत्ता देतात, म्हणून एकाच मनोऱ्याखालील साऱ्या गावाने मिळून विचारलेले प्रश्न यंत्राला एकाच इसमाचे वाटू शकतात. अंध व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने माऊस न हलविता अर्ज भरते. जुना मोबाइल आणि जुना ब्राउझर वापरणाऱ्याच्या खुणा आज्ञावलीस विसंगत भासतात. ज्यांना शासकीय सेवेची गरज अधिक, त्यांचेच वर्तन यंत्राला यंत्रासारखे दिसण्याचा संभव अधिक, असा हा पेच आहे.

त्यामुळे कमी गुण हे अर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अधिक चौकशी करण्याचे कारण मात्र होऊ शकते. अशा अर्जदारास मोबाइलवर सांकेतिक अंक पाठवून खात्री करावी, किंवा ग्रामपंचायत कार्यालयात प्रत्यक्ष येण्याची मुभा द्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना पदनिर्देशित अधिकाऱ्याने कारणे लेखी नमूद करावयाची असतात आणि अर्जदारास अपिलाचा मार्ग असतो. ‘गुण ०.३’ हे अशा अर्थाने कारण नव्हे. अपील ऐकणारा अधिकारीही त्यातून काही समजू शकणार नाही. सीमारेषेचा गुण किती ठेवावा, हेही कंत्राटदारावर सोडू नये. रीकॅप्चा आरंभी ०.५ सुचविते, पण ती सूचना जगभरच्या संकेतस्थळांसाठी आहे. नवी यंत्रणा बसविल्यावर पहिला महिनाभर कोणासही न अडविता केवळ गुणांची नोंद घ्यावी. सेवा केंद्रांवरून आलेल्या अर्जांचे गुण आणि घरून आलेल्या अर्जांचे गुण वेगळे मांडून पाहावेत आणि नंतरच सीमारेषा ठरवावी. सेवा केंद्रांना स्वतंत्र ओळख देऊन त्यांच्यासाठी वेगळा नियम करणे बहुधा आवश्यक ठरेल.

दुसऱ्याच्या एपीआयवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘बॉट ऑर नॉट’ ही सेवा सुरू केली. पुढे ती ‘बोटोमीटर’ म्हणून ओळखली गेली. ट्विटरवरील खात्याचे नाव दिले की ते खाते यंत्रचलित असण्याचा गुण ती एपीआयद्वारे सांगत असे. जगभरच्या अभ्यासकांनी निवडणुका, साथी, अफवा यांच्या अभ्यासात ती वापरली. २०२३ मध्ये ट्विटरने स्वतःच्या एपीआयचे नियम व दर बदलले आणि बोटोमीटरला ताजी माहिती मिळणे बंद झाले. जुन्या संचिताच्या आधारे देता येईल तेवढेच उत्तर उरले. शासकीय करारात सेवा बंद पडल्यास पर्याय कोणता, दर वाढल्यास काय, आणि आजवरच्या नोंदी कार्यालयाला परत कोणत्या नमुन्यात मिळतील, ही कलमे म्हणूनच असावयास हवीत.

नोंदींविषयीही नियम ठरविणे अगत्याचे आहे. प्रत्येक निकालासोबत टोकन मागविल्याची वेळ, मिळालेला गुण, त्या दिवशीची सीमारेषा आणि घेतलेला निर्णय इतके चार तपशील जपून ठेवले तर तक्रार आल्यावर उत्तर देता येते. बोटांच्या हालचाली, यंत्राच्या खुणा अशी कच्ची माहिती कार्यालयाने मागवूही नये. व्यक्तीशी जोडता येणारी अशी माहिती डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कक्षेत येऊ शकते, आणि जे जवळ नाही ते सांभाळावे लागत नाही. चार तपशीलही किमान अपिलाची मुदत संपेपर्यंत ठेवावेत; त्यापुढे नष्ट करण्याची तारीख आरंभीच नोंदवहीत लिहावी.

२४ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी शासकीय केंद्रांवर थेट येऊन जागेवरच नोंदणी करण्यास केंद्र शासनाने परवानगी दिली आणि तिचा निर्णय राज्यांवर सोपविला. २१ जून २०२१ पासून शासकीय केंद्रांवर सर्व प्रौढांस मोफत लस आणि थेट नोंदणी हा सर्वसाधारण नियम झाला. पुरवठाही वाढत गेला. पिनकोड टाकून रात्रंदिवस जागा शोधणाऱ्या आज्ञावली त्यानंतरच्या काळात हळूहळू थंडावल्या. त्यांना शोधण्याजोगे काही उरले नव्हते.